वाचक विचारतात : छत सामाईक, बिल सामाईक, मग वीज का नको?

गेल्या अंकात आम्ही स्वच्छ ऊर्जा आणि हवामानविषयक ऐच्छिक उपक्रमांबद्दल प्रश्न मागवले होते. कोल्हापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. बहुतेक पत्रलेखकांना नोंदणी कोठे आणि कशी करायची हे हवे आहे. उत्तरे लिहिताना मात्र माझा कल नोंदणीच्या आधी काय करावे लागते याकडे राहिला आहे, कारण अडते ते तेथेच.

प्रश्न : राजारामपुरीत आमची बारा सदनिकांची इमारत आहे. सामाईक वापरासाठी छतावर सौर संच बसवावा असे सात जणांना वाटते, तीन जणांचा विरोध आहे आणि दोघे परगावी आहेत. सर्वांत वरच्या मजल्यावरील सभासद गळतीच्या भीतीने सही करत नाहीत. अशा स्थितीत पुढे कसे जावे? (गृहनिर्माण संस्थेचे सचिव)

उत्तर : वरच्या मजल्यावरील सभासदांची भीती आपण हटवादीपणात जमा करू नये. कोल्हापूरचा पाऊस पाहता त्यांच्या जागी मी असतो तर मीही सही केली नसती. सांगाड्याचे पाय स्लॅबला भोके पाडून बसवणार की काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यांच्या वजनावर, भोके पाडल्यास ती कशाने बुजवणार, आणि पुढील काही पावसाळ्यांत त्या जागी गळती झाल्यास दुरुस्ती कोण करणार, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे व ते पत्र सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावे. छताचे वॉटरप्रूफिंग लवकरच करायचे असेल तर ते आधी उरकावे. पॅनेल बसल्यावर त्यांच्याखाली कारागीर शिरत नाही.

आता आकडे. मागील बारा महिन्यांची सामाईक मीटरची बिले काढून लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे मिळून किती युनिट जातात ते पाहावे. समजा, महिन्याला सरासरी ६०० युनिट जातात. आपल्याकडे एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देतो. म्हणजे पाच किलोवॉटचा संच महिन्याला ६०० युनिटच्या आसपास जातो. जुलै-ऑगस्टमध्ये हे उत्पादन निम्म्यावर येते आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याची भरपाई होते, म्हणून एका महिन्याचे बिल पाहून संचाला नावे ठेवू नयेत. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे वाहिनीत दिलेली वीज वापरलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीत, शिल्लक युनिट पुढील महिन्यात ओढली जातात आणि आर्थिक वर्ष संपताना हिशेब मिटवला जातो. जागा प्रत्येक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट लागते, तीही सावली नसलेली. पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टच्या खोलीची सावली दुपारी तीननंतर कोठे पडते, हे छतावर उभे राहून खडूने आखून घ्यावे. कागदावरचे नकाशे ही सावली दाखवत नाहीत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत एका घराला दोन किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते, हे बहुतेकांना माहीत असते. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सुविधांसाठी प्रतिकिलोवॉट १८,००० रुपयांची वेगळी तरतूद आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पाच किलोवॉटला ते ९०,००० रुपये होतात. संच योजनेत नोंदलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यावा लागतो, पॅनेलमधील सौरघट भारतीय बनावटीचे असावे लागतात आणि पुरवठादाराने पाच वर्षे देखभाल करणे बंधनकारक असते. दहा किलोवॉटपर्यंतच्या संचांना आता तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची वाट पाहावी लागत नाही. बिल शून्य होईल असे आश्वासन कोणी दिल्यास त्याला स्थिर आकाराची आठवण करून द्यावी, तो राहतोच.

विरोध करणाऱ्या तिघांशी भांडण्यापेक्षा ठराव रीतसर मांडावा : खर्च किती, प्रत्येक सदनिकेचा वाटा किती, बचत मासिक देखभाल शुल्कातून वजा करणार की दुरुस्ती निधीत ठेवणार, आणि संचाकडे रोज कोण पाहणार. परगावी असलेल्या दोघांना सभेची सूचना वेळेत व लेखी गेली पाहिजे, नाहीतर पुढे तोच आक्षेप होतो. देखरेखीचा मुद्दा मी अनुभवाने सांगतो. आमच्या इमारतीत संच बसला, पेढे वाटले गेले आणि पुढे एकदा वळवाच्या पावसात एक खटका पडला. इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या पेटीवर, लाल दिवा लागला होता. तो जिन्याच्या वरच्या टोकाला होता आणि तेथे कोणी जात नव्हते. एकोणीस दिवस संच बंद होता, हे बिल आल्यावर कळले. तेव्हापासून एक सेवानिवृत्त सभासद रोज सकाळी छतावर फिरायला जातात आणि येताना आकडा वहीत लिहितात.

प्रश्न : आमचे गाव पंचगंगेच्या पूरपट्ट्यात आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाईल बंद पडले. बचत गटाच्या महिलांनी शाळेवर सौर संच बसवण्याचे ठरवले आहे. गावातील एकाच्या घरी सौर संच आहे, पण पुरात त्यांच्याकडेही अंधारच होता. असे का झाले? (बचत गटाच्या अध्यक्षा, करवीर तालुका)

उत्तर : ताई, आपण विचारलेला प्रश्न विक्रेत्यांना सर्वांत गैरसोयीचा वाटतो. घरांवर बसणारे बहुतेक संच महावितरणच्या वाहिनीला जोडलेले असतात आणि वाहिनीतील वीज गेली की त्यांचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. तशी रचना मुद्दाम केलेली असते. वाहिनी बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये, हा तिचा हेतू आहे. त्यामुळे डोक्यावर लख्ख ऊन असले तरी पुरात वीजपुरवठा बंद केला की असे घर इतरांसारखेच अंधारात राहते.

शाळा हे पूरग्रस्तांचे निवारा केंद्र होणार असेल तर आपल्याला बॅटरीसह चालणारा हायब्रीड संच हवा. तो महाग पडतो, म्हणून सगळी शाळा चालवण्याचा हट्ट धरू नये. आधी पुराच्या रात्रीची यादी करावी. नऊ वॉटचे दहा एलईडी दिवे आणि तीस वॉटचे सहा पंखे धरले तर २७० वॉट होतात. दहा तासांना २.७ युनिट. त्यात पन्नासेक मोबाईल, एक रेडिओ आणि आरोग्य सेविकेचे शीतपेटीसारखे एखादे उपकरण मिळवले तरी पाच युनिट साठवणारी बॅटरी आणि तीन किलोवॉटची पॅनेल यांवर काम भागते. पावसाळी आभाळात पॅनेल कमी देतील, हे धरूनच हा हिशेब केला आहे. पाण्याची मोटर मात्र या यादीत घालू नये. ती तासाभरात बॅटरीचे कंबरडे मोडते.

जागेबद्दल तर अधिकच काटेकोर राहावे लागेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर गेले होते. शाळेच्या भिंतीवर त्या वर्षीच्या पाण्याची खूण असेलच. इन्व्हर्टर, बॅटरी आणि सर्व खटके त्या खुणेच्या किमान एक पुरुष वर, शक्यतो पहिल्या मजल्यावर असावेत. आणखी एक गोष्ट गावातील प्रत्येकाला सांगून ठेवावी : मुख्य खटका बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत वीज असते. पाण्यात बुडालेल्या अशा तारेला किंवा पेटीला कोणीही हात लावू नये, आणि पूर ओसरल्यावर जाणकाराने तपासल्याशिवाय संच सुरू करू नये.

सूर्यघर योजनेचे अनुदान निवासी ग्राहकांसाठी असल्याने शाळेला ते मिळणार नाही. ग्रामपंचायतीला मिळणारा वित्त आयोगाचा निधी, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी आणि परिसरातील साखर कारखान्याचा किंवा उद्योगाचा सामाजिक उत्तरदायित्व निधी हे मार्ग आहेत. यांपैकी कोणाकडेही जाताना सोबत वरची यादी न्यावी. "शाळेला सोलर द्या" या अर्जापेक्षा "पुराच्या रात्री दोनशे माणसांसाठी २७० वॉट" हा अर्ज वाचला जातो.

प्रश्न : आमची ग्रामपंचायत माझी वसुंधरा अभियानात आहे. दरवर्षी फोटो अपलोड होतात, शपथ घेतली जाते, पण गावात फरक दिसत नाही. ऊर्जेच्या बाबतीत नेमके काय करता येईल? (ग्रामपंचायत सदस्य)

उत्तर : राज्याच्या पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाने २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू केलेले हे अभियान पंचमहाभूतांवर बेतले आहे : भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश. ऊर्जेची कामे अग्नीत मोडतात, जनजागृती आणि शपथ आकाशात. आकाशातील काम स्वस्त आणि लवकर होणारे असल्याने बहुतेक गावे तेथेच रमतात. आपण अग्नीपासून सुरुवात करावी.

गावाचे स्वतःचे बिल कशाचे असते? पाणीपुरवठ्याची मोटर आणि रस्त्यावरचे दिवे. ही दोन बिले ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवली की निम्मी जनजागृती तेथेच होते. उजाडल्यावरही जळणारे दिवे, भरून वाहणारी टाकी, जुनी आणि पुन्हा पुन्हा गुंडाळलेली मोटर, बंद पडलेला कपॅसिटर यांची यादी करायला सल्लागार लागत नाही; गावातील मोटर दुरुस्त करणारा एका दुपारी ती करून देईल. ही गळती थांबल्यावर उरलेल्या वापराएवढा सौर संच घ्यावा. उलट क्रमाने गेल्यास वाया जाणाऱ्या विजेसाठीही आपण पॅनेल विकत घेतो.

दुसरे काम गोबरगॅसचे. आपल्या भागात दारात जनावर आणि गावात दूध संस्था हे समीकरण पक्के असल्याने त्यासाठी वेगळी समजूत घालावी लागत नाही. दोन घनमीटरच्या सयंत्राला दिवसाला सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे लागतात. एक घनमीटर गॅस साधारण ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतके काम करतो, त्यामुळे सयंत्र नीट चालले तर महिन्याला दोन सिलिंडरांना थोडे कमी एवढी बचत होते, शिवाय स्लरी उसाला जाते. मात्र जनावरे विकली गेली किंवा शेण कालवणारे हात कमी झाले की सयंत्र बंद पडते. गावातील जुनी बंद सयंत्रे किती आणि ती का बंद पडली, हे नवीन अर्ज भरण्यापूर्वी मोजावे. करवीर तालुक्यातीलच शेळकेवाडीने बायोगॅस आणि छतावरील सौर वीज या दोन्ही गोष्टी घरोघरी नेल्या आहेत, तर सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. दोन्ही गावे लहान आहेत आणि दोन्हींत आधीपासून एकत्र काम करण्याची सवय होती. आपले गाव मोठे असेल तर एक वाडी किंवा एक गल्ली घेऊन सुरुवात करावी. सूर्यघर योजनेत प्रत्येक जिल्ह्यातून एका आदर्श सौरग्रामासाठी एक कोटी रुपयांची तरतूद आहे, पण त्या स्पर्धेसाठी लोकसंख्या पाच हजारांच्या वर असावी लागते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये प्रकल्पाला साथ देणाऱ्या ग्रामपंचायतीला तीन वर्षांत मिळून १५ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी हा त्या योजनेचा हेतू असल्याने रात्री बॅटरी घेऊन उसात पाणी पाजायला जाणाऱ्यांचा तिला पाठिंबा मिळतो. परंतु जमीन गायरान असेल तर तेथे आज कोणाची जनावरे चरतात, हे ग्रामसभेत विचारल्याशिवाय ठराव करू नये.

प्रश्न : आमच्या तरुण मंडळाला यंदाच्या गणेशोत्सवात पर्यावरणाचा विषय घ्यायचा आहे. देखाव्यापलीकडे काय करावे? (कार्यकर्ता, शिवाजी पेठ)

उत्तर : गूळ करायची काहील विसर्जनासाठी चौकात ठेवण्याची आणि मूर्तीदान-निर्माल्यदानाची कल्पना ज्या शहराने उचलून धरली, त्या शहरातील मंडळाला स्वेच्छेने काम कसे उभे करायचे हे मी शिकवणे बरोबर नाही. विजेपुरते सांगतो. महावितरणकडून अधिकृत तात्पुरती जोडणी घ्यावी, आणि मांडवात स्वतःचा एक साधा मीटर बसवून रोज रात्री आरतीनंतर त्या दिवसाची युनिट फळ्यावर लिहावीत. ५०० वॉटचे दहा हॅलोजन रोज सहा तास लावले तर दहा दिवसांत ३०० युनिट जातात. तेवढेच काम करणारे १०० वॉटचे एलईडी ६० युनिटांत भागवतात. जनरेटर अगदी गरजेपुरताच चालवावा, कारण एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शेजारच्या तालमीनेही फळा लावला तर उत्तमच; ईर्ष्या ही पेठांची जुनी ऊर्जा आहे. साउंड सिस्टिमबद्दल आपण विचारलेले नाही, म्हणून मीही थांबतो.

प्रश्न : उसाचे पाचट न जाळल्याबद्दल कार्बन क्रेडिटचे पैसे मिळवून देतो, असे सांगत एक प्रतिनिधी गावात सह्या घेत आहे. सही करावी काय? (शेतकरी, शिरोळ तालुका)

उत्तर : आज करू नये. एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडएवढे उत्सर्जन टाळल्याची किंवा शोषल्याची पडताळलेली नोंद. ती व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्डसारख्या ऐच्छिक मानकांखाली होते. भारत सरकारनेही २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली आहे. त्याच वर्षी आलेला हरित क्रेडिट कार्यक्रम हा वेगळा असून प्रतिनिधी पुष्कळदा दोन्हींची सरमिसळ करतात. क्रेडिट मिळण्याची मुख्य अट अशी की, हा बदल त्या प्रकल्पामुळे झालेला असला पाहिजे. त्यामुळे दहा वर्षांपासून पाचट शेतातच कुजवणाऱ्या शहाण्या शेतकऱ्याला बहुधा काहीच मिळत नाही आणि काल-परवापर्यंत काडी लावणारा पात्र ठरतो. हे अन्यायाचे वाटेल, पण हिशेबाची रीत तीच आहे.

एकट्या शेतकऱ्याचा प्रकल्प होत नाही. मोजणी, पडताळणी आणि नोंदणीचा खर्चच त्याला खाऊन टाकतो. एक अंदाज म्हणून सांगतो : आपल्या देशात ग्रीडमधील, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यातील, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे वर्षाला ४,२०० युनिट देणारा तीन किलोवॉटचा घरगुती संचही जेमतेम तीन टनांची, म्हणजे तीन क्रेडिटांची बचत दाखवतो. म्हणून शेकडो शेतकरी एकत्र यावे लागतात आणि मधल्या संस्थेच्या हाती सगळी सूत्रे जातात. करार मराठीत मागावा. तो किती वर्षांचा आहे, क्रेडिटची मालकी कोणाची, विक्रीतील वाटा ठरलेला आहे की "खर्च वजा जाता", जमीन विकल्यास किंवा पीक बदलल्यास दंड आहे काय, आणि तोच हक्क पूर्वी दुसऱ्या कोणाला दिलेला नाही ना, एवढे वाचून घ्यावे. शक्य झाल्यास विकास सेवा सोसायटी किंवा कारखान्याच्या शेती विभागामार्फत गटाने बोलणी करावीत.

पाचट मात्र सहीची वाट न पाहता ठेवावे. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. सरीआड सरी पसरल्यास तण दबते, पाण्याची पाळी लांबते आणि जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो. हा फायदा कोणत्याही करारात लिहिलेला नसतो आणि तो कोणी कापूनही घेत नाही.

प्रश्न : मी भाड्याच्या घरात राहणारी शिक्षिका आहे. छत माझे नाही, शेत नाही. माझ्यासारखीने सहभागी व्हायचे तरी कसे? ई-शपथ घेतली, प्रमाणपत्र मिळाले, पुढे काय? (शाहूपुरी)

उत्तर : महावितरणच्या ग्राहकाला जादा दर देऊन संपूर्ण हरित वीज मागता येते. वीज नियामक आयोगाने मार्च २०२१ मध्ये हा पर्याय मंजूर केला तेव्हा युनिटमागे ६६ पैसे जादा ठरले होते. सध्याचा दर कार्यालयात विचारून घ्यावा. आपल्या घरात येणारी वीज तीच राहते, परंतु आपल्या वापराएवढी अक्षय वीज खरेदी केल्याची जबाबदारी कंपनीवर येते. जोडणी घरमालकांच्या नावे असल्याने अर्जही त्यांच्या नावेच करावा लागेल. कागदी बिल नाकारून गो-ग्रीन पर्याय घेतल्यास बिलात सवलत मिळते, ती वेगळी.

एकटीने घेऊन काय होणार, असे आपल्याला वाटेल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००१ मध्ये हरित विजेसाठी एक ऐच्छिक भागीदारी सुरू केली. तिच्यात शहराचे कार्यालय, दुकाने आणि घरे यांनी मिळून घेतलेली हरित वीज एकत्र मोजून त्या गावाला मान्यता दिली जाई. एकेकट्याचा सहभाग तेथे बेरजेत दिसे. आपल्याकडे अशी बेरीज मांडणारी यंत्रणा रुळेपर्यंत आपण ती वर्गात करू शकता. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांच्या वापराचे उभे स्तंभ छापलेले असतात. आठवीच्या मुलांना घरचे बिल आणायला सांगावे, नाव व ग्राहक क्रमांक झाकून सर्वांची युनिट फळ्यावर मांडावीत, आणि मे महिन्याचा स्तंभ उंच का, ७५ वॉटचा जुना पंखा बदलून ३० वॉटचा घेतला आणि तो रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट कशी वाचतात, हे त्यांच्याकडूनच सोडवून घ्यावे. पुढील वर्षी त्याच महिन्यात त्याच मुलांकडून पुन्हा बिले मागवावीत. मुले तोवर नववीत गेलेली असतील, म्हणून हा फळा वहीत उतरवून ठेवावा.